कॉलेज सुरू होतंय, करिअर ठरलेलं नाही : वर्गाआधीच्या पंधरा दिवसांची तयारी

पुढे काय व्हायचं हे ठरलेलं नसताना कॉलेजात पाऊल टाकणाऱ्यांनी सगळ्यात आधी अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडावी. पहिल्या वर्षापुरती नको, पूर्ण पदवीची हवी. शेवटच्या वर्षाचे विषय वाचा. ज्या नावांपाशी नजर रेंगाळते त्यांवर खूण करा. मग प्रत्येकासाठी आधी कोणता विषय उत्तीर्ण व्हावा लागतो ते बघत उलट्या दिशेने पहिल्या सत्रापर्यंत या. कंटाळवाणं काम आहे, पण एका दुपारी होतं. मी ते केलं नव्हतं. पहिल्या वर्षी आकडेमोड नको म्हणून संख्याशास्त्र सोडलं आणि तिसऱ्या वर्षी जो विषय मनापासून घ्यायचा होता त्याला नेमकं तेच आधी लागत होतं. तो विषय मला घेता आला नाही, आणि त्याची हळहळ आजही आहे. म्हणून मनात तीन-चार वाटा असतील तर त्यांतल्या जास्तीत जास्त वाटांना लागणारा विषय पहिल्याच वर्षी घ्या. बरेचदा तो गणित, संख्याशास्त्र, प्रोग्रामिंग किंवा लेखन यांपैकी एखादा निघतो.

पुस्तिका समोर आहे तोवर तारखाही उतरवून घ्या: विषय बदलायची शेवटची तारीख, गुणपत्रिकेवर नोंद न होता विषय सोडता येईल ती तारीख, शाखा बदलायची सोय असेल तर तिचे नियम आणि त्यासाठी लागणारे गुण. फोनच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक तारखेच्या आठवडाभर आधीची आठवण लावा. निर्णय लांबणीवर टाकायला हरकत नाही, फक्त तो कुठवर टाकता येतो हे माहीत हवं.

आता तासांचा हिशेब. अमेरिकी विद्यापीठांत एका क्रेडिटमागे (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं एकक) आठवड्याला वर्गातला एक तास आणि बाहेर किमान दोन तास अभ्यास धरतात. युरोपातल्या ईसीटीएस या सामाईक क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट म्हणजे साधारण १५०० ते १८०० तासांचं काम. तुमच्याकडचा आकडा वेगळा असेल, पण वेळापत्रकात दिसणारे तास हा कामाचा एक भागच असतो. अभ्यासाचे तास आधी मांडा, त्यानंतर क्लब, स्पर्धा, अर्धवेळ काम यांना होकार द्या.

अभ्यासाची पद्धतही आत्ताच बदला, कारण शाखा बदलताना किंवा इंटर्नशिपला अर्ज करताना पहिल्या वर्षाचेच गुण हाताशी असतात. रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवडाभराने मात्र वाचलेलं न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. तेव्हा एक कोरी वही फक्त आठवून लिहिण्यासाठी ठेवा.

दुसरी वही करिअरची, आणि माझ्या मते या सगळ्या तयारीत तिला तोड नाही. मनातल्या प्रत्येक वाटेला एक पान द्या. वर पदाचं नाव लिहा आणि खाली त्या माणसाचा साधा मंगळवार: सकाळी काय करतो, किती वेळ स्क्रीनसमोर, किती माणसांशी बोलणं, काय लिहावं लागतं, कशाला वैतागतो. अर्धंअधिक पान कोरं राहील. राहू द्या, कारण तेच तुमचे प्रश्न. ते घेऊन त्या क्षेत्रातल्या तिघांना वीस-वीस मिनिटं मागा. 'मला नोकरी द्या' असं न म्हणता 'तुमचं काम कसं असतं ते समजून घ्यायचंय' असं म्हटलं की लोक भरभरून बोलतात. ओळखीचं कुणी नसेल तर ओळखीच्यांच्या ओळखीत शोधा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली हेच दाखवलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ज्यांच्याशी ते बोलले, त्यांतल्या बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती.

कल चाचणी द्यायची असेल तर जरूर द्या. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी मांडलेल्या आवडींच्या सहा प्रकारांवर बेतलेली 'ओनेट' या अमेरिकी सरकारच्या व्यवसाय-माहिती संकेतस्थळाची चाचणी इंटरनेटवर मोफत आहे. मात्र ती आवडीनिवडी मोजते, क्षमता मोजत नाही. आलेलं उत्तर वहीत एका कोपऱ्यात लिहा आणि त्यातल्या अनपेक्षित पर्यायालाही एक पान द्या.

घरच्यांशी एकदा शांतपणे बोलून घ्या. 'अजून ठरलं नाही' एवढंच सांगितलं तर त्यांची काळजी वाढते. वही दाखवा आणि कुठल्या तारखेपर्यंत काय ठरवणार ते सांगा.

वर्ग सुरू झाले की दर शुक्रवारी त्याच वहीत दोन ओळी लिहा: या आठवड्यात कुठलं काम करताना वेळेचं भान राहिलं नाही, आणि कुठलं सारखं पुढे ढकललं. विषयाचं नाव नको, कामाचं लिहा. 'रसायनशास्त्र आवडलं' यापेक्षा 'प्रयोगाचा आलेख तीनदा काढला तरी कंटाळा आला नाही' ही नोंद कितीतरी उपयोगी, कारण आलेख काढणं रसायनशास्त्राबाहेरच्या कामांतही आहे. विषय बदलायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रविवारी या नोंदी आणि करिअरची पानं शेजारी ठेवून बसा. जे काम सारखं पुढे ढकललंत तेच ज्या पानावरचा मंगळवार व्यापून बसलंय, त्या पानावर तारीख घालून फुली मारा.