मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचे (सी१-सी२) स्क्रू नेव्हिगेशनने घालताना

धार, खंडवा, देवासहून इंदूरला आलेल्या रुग्णाजवळ सीटीची सीडी असेल, तर आधी तिच्यातल्या कापांची जाडी बघा. नेव्हिगेशनला (सीटीच्या चित्रावर अवजाराचं टोक कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्रणेला) १ मिमी किंवा त्याहून पातळ, सलग काप लागतात, तेही डायकॉम (मूळ डिजिटल फाइल) स्वरूपात. ३ मिमीचे काप असतील तर सीटी पुन्हा काढा. शक्य असेल तर सीटी अँजिओच (धमन्या दाखवणारा सीटी) करून घ्या, कारण इथे या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी सांभाळायची असते.

सी२मध्ये दोन्ही बाजूंना कॅनॉलच्या (मज्जारज्जूच्या पोकळीच्या) कडेपासून ३ मिमी बाहेरचा सॅजिटल (उभा, पुढून मागे जाणारा) काप घेऊन मोजमाप करा. इस्थमसची (धमनीच्या खोबणीवरच्या हाडाच्या अरुंद पुलाची) उंची ५ मिमी किंवा कमी, अथवा सी१-सी२ सांध्यापासून धमनीच्या खोबणीपर्यंतचं हाड २ मिमी किंवा कमी भरलं, तर त्या बाजूला पेडिकल स्क्रूचा (त्या अरुंद हाडातून मणक्याच्या पुढच्या भागात जाणाऱ्या स्क्रूचा) हट्ट सोडा. आखूड पार्स स्क्रू (धमनीच्या खोबणीआधी थांबणारा) किंवा लॅमिनातला (मणक्याच्या मागच्या कमानीतला) स्क्रू निवडा. जिथे ३.५ मिमीच्या स्क्रूपुरतं हाडच नाही, तिथे कितीही अचूक यंत्र काय करणार?

रेफरन्स फ्रेम (कॅमेऱ्याला रुग्णाची जागा सांगणारी चौकट) शक्यतो सी२च्या स्पायनस प्रोसेसवर (मागच्या टोकदार हाडावर) घट्ट बसवा. पण ती फक्त सी२ची खात्री देते. सी१ वेगळा हलतो. सीटी उताण्या स्थितीत काढलेला असतो आणि ऑपरेशन पालथं होतं, तेवढ्यानेही दोन मणक्यांमधलं नातं बदलतं. म्हणून आधीचा सीटी वापरत असाल तर प्रत्येक मणक्याचं रजिस्ट्रेशन (सीटीच्या चित्राची प्रत्यक्ष हाडाशी जुळणी) स्वतंत्र करा. ओ-आर्म (थिएटरमध्येच सीटीसारखा स्कॅन घेणारं यंत्र) असेल तर डोकं मेफील्डमध्ये (डोकं धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात) पक्कं झाल्यावर, हाड उघडून, फ्रेम बसवल्यावर स्कॅन घ्या. तेवढा वेळ भूलतज्ज्ञांना श्वास थांबवायला सांगा. मुंबईच्या डॉ. अतुल गोयल यांनी १९९४मध्ये मांडलेल्या पद्धतीने सांधा उघडायचा असेल, तर शक्य तिथे स्क्रूची भोकं आधी पाडून ठेवा. सांधा फाकवल्यावर किंवा मणका जागेवर आणल्यावर जुना स्कॅन सी१साठी निकामी होतो.

प्रत्येक स्क्रूपूर्वी पॉइंटर ओळखीच्या हाडावर टेकवा: सी१चा मागचा ट्यूबरकल (उंचवटा), सी२च्या लॅमिनाची कड. पडद्यावर टोक हाडात घुसलेलं किंवा हवेत दिसलं, तर थांबून रजिस्ट्रेशन पुन्हा करा. कॅमेरा ज्यांच्यावरून जागा ओळखतो त्या फ्रेम-अवजारांवरच्या चकचकीत गोळ्यांवर रक्त आलं की कॅमेरा तक्रार करतो, ते लगेच कळतं. फ्रेमला कुणाचा कोपर लागला तर मात्र चित्र पूर्वीसारखंच स्वच्छ दिसतं आणि सगळंच सरकलेलं असतं. हा धोका थिएटरमधल्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा.

ड्रिल दाबू नका. जोर दिला की सी१ खाली जातो आणि पडद्यावरचा सी१ जागचा हलत नाही. हाय-स्पीड बरने (वेगाने फिरणाऱ्या हाड घासायच्या टोकाने) प्रवेशबिंदू करा, हलक्या हाताने पुढे जा, बोथट प्रोबने चारही भिंती आणि तळ चाचपा. सी२ गँग्लियनभोवतालच्या (मज्जातंतूच्या गाठीभोवतालच्या) शिरा वाहू लागल्या तर जेलफोम (रक्त थांबवणारा स्पंज) आणि कॉटनचा दाब पुरतो. तिथे कॉटरी (रक्तवाहिनी जाळून बंद करणारं उपकरण) आंधळेपणाने चालवू नका.

भोकातून लालभडक रक्त उसळलं तर धमनी गेली असं धरा. भोक बोन वॅक्सने किंवा आखूड स्क्रूनेच बंद करा, दाब द्या, भूलतज्ज्ञांना कळवा. दुसऱ्या बाजूला धमनीजवळून जाणारा स्क्रू अजिबात घालू नका, आणि रुग्णाची लगेच अँजिओग्राफी करून घ्या.