श्री. नको, श्रीमती नको: मग माईकवरून आदरानं नाव कसं घ्यावं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात पत्रिकेचा मजकूर लिहायचा असो की कार्यक्रमात माईक धरायचा, लोक माझ्याकडे येतात. १५ वर्षं हेच करते आहे. स्वतःला बाई किंवा पुरुष यांपैकी काहीच न मानणाऱ्या, म्हणजे नॉनबायनरी व्यक्तीच्या नावाआधी काय लावायचं, हे हल्ली शेजारच्या गावांतूनही विचारतात. मोबाईलवर सल्ले भरपूर सापडतात. बहुतेक इंग्रजीवरून उचललेले, मराठी वाक्यात पहिल्याच क्रियापदाला अडकणारे.

१. आधी त्यांनाच विचारा. "पत्रिकेत तुमचं नाव कसं टाकू जी?" एवढंच, आणि तेही चारचौघांत नाही. "श्रीमतीच राहू द्या" असं उत्तर आलं तर श्रीमतीच. कोणी "हे काय नवीन?" म्हणून अडून बसलंच, तर १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालाची आठवण द्या. आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं तेव्हाच मान्य केला आहे.

२. कागदावर 'मा.' लावा. माननीय हा शब्द सरपंचापासून कीर्तनकारापर्यंत कोणालाही चालतो. मात्र पत्रिकेतल्या सगळ्या पाहुण्यांना लावा. एकाच नावाला लावलात तर सगळं गाव त्याच नावावर बोट ठेवेल. डॉ., ॲड., प्रा. असेल तर उत्तमच. इंग्रजी अर्जात मिस्टर-मिसेसच्या जागी 'एमएक्स' (Mx) लिहितात, त्याचा उच्चार 'मिक्स'. मराठी पत्रिकेत मी ते कधीच घालत नाही. आपल्या कानाला त्यात मिसळलेलं, भेसळीचं असा अर्थ लागतो, आणि पाहुण्याचा असा अपमान मला चालत नाही.

३. हाक मारताना 'जी'. भाऊ, ताई, काका, मावशी ही सगळी नाती बाईची नाही तर पुरुषाची. आपलं 'गा' पुरुषाला आणि 'वं' बाईला. पण 'हो जी', 'या जी', 'बसा जी' आपण कोणालाही म्हणतो. इतका चांगला शब्द घरात असताना बाहेरून आणायची गरज नाही.

४. क्रियापद. खरी अडचण इथे आहे आणि मी इथेच पडले. पुण्यतिथीचा कार्यक्रम होता. पाहुण्यांना मी आधी विचारलं होतं, पत्रिकेत 'मा.' होतं, माईकवर 'जी'सुद्धा लावलं (नाव इथे किरण धरू). आणि मी म्हणाले, "किरणजी आपल्यात आले आहेत." जेवणं झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "नाव नीट घेतलं तुम्ही, पण वाक्य संपेपर्यंत मला पुरुष करून टाकलं." त्या रात्री मला झोप आली नाही.

'ते' आदरार्थी आहे, बिनधास्त वापरा, असं जो सांगतो त्याचं ऐकू नका. 'ते आले' पुरुषाचं, 'त्या आल्या' बाईचं. आणि 'ते आलं' तर लेकराला, वासराला. समोरच्या व्यक्तीनं स्वतः मागितल्याशिवाय ते तोंडातून निघता कामा नये.

मग मी वही घेऊन बसले आणि वाक्यं मांडून पाहिली. लिंग सगळीकडे दिसत नाही. 'येतात', 'राहतात', 'शिकवतात' दोघांना सारखं. 'आहेत', 'येतील', 'बोलणार आहेत' हेही सारखं. 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचं' यांतूनही काही कळत नाही. 'किरणजींनी शाळेला पुस्तकं दिली' यात 'दिली' हे पुस्तकांचं आहे, किरणजींचं नाही. घात करतात ते 'ते' आणि 'त्या', आणि आले, गेले, बसले, होते अशी भूतकाळी रूपं. तेवढीच टाळायची. 'ते' च्या जागी पुन्हा नाव घ्या. 'आले आहेत' ऐवजी 'किरणजींचं येणं झालं आहे' किंवा सरळ 'किरणजी आपल्यात आहेत'. 'होते' ऐवजी 'गेल्या वर्षीही त्यांची हजेरी होती'. 'जेवले का?' ऐवजी 'जेवण झालं का जी?', आणि हे तर आपण रोजच म्हणतो.

'आमचे पाहुणे', 'आमच्या पाहुण्या' यांतही तीच खोच आहे, म्हणून मी 'आज पाहुणे म्हणून' असं न म्हणता 'आजचं पाहुणेपण किरणजींकडे आहे' म्हणते. 'किरण ही व्यक्ती आली' व्याकरणात बरोबर आहे, पण मागच्या रांगेला त्यात फक्त 'आली' ऐकू येतं. मी ते टाळते.

ही वाक्यं माईकवर सुचत नाहीत. आदल्या रात्री लिहा आणि मोठ्यानं वाचा. तरी जीभ घसरलीच तर तिथेच दुरुस्त करा, "किरणजी आपल्यात आहेत" म्हणा आणि पुढे चला. माईकवरून लांबलचक माफी मागू नका, सगळ्या माना पाहुण्यांकडे वळतात. माफी नंतर, दोघांतच.

५. पत्राच्या शेवटी 'आपला', 'आपली', 'भवदीय' नको असेल तर 'विनीत'.

६. छापखान्याचं प्रूफ स्वतः वाचा. डीटीपी करणारा सवयीनं प्रत्येक नावाआधी 'श्री.' टाकतो. माझ्या एका पत्रिकेत २ वेळा खोडून दिल्यावरही तो परत आला होता.