पंखे फिरतात, डिस्प्ले नाही: कार्ड परत करण्याआधी या चुका टाळा

अनंत चतुर्दशीची संध्याकाळ. इंदूरच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, बघायला निघायचं म्हणून चपला पायात घातल्या होत्या, तेवढ्यात सुदामा नगरातून भाच्याचा फोन. "मामा, नवीन ग्राफिक्स कार्ड लावलं. पंखे फिरतायत, लाइट लागतायत, पण स्क्रीन काळीच. दुकानदार म्हणतो, भिया, कार्ड गया होगा. परत करू?" मी विचारलं, मॉनिटरची केबल कुठे आहे? कॅबिनेट सरकवल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. केबल मदरबोर्डच्या जुन्या पोर्टातच होती.

हसायचं कारण नाही. पंचवीस वर्षं ओळखीपाळखीतली मशीनं उघडतोय, तरी ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे. कार्ड लावलं की बरेचसे बोर्ड आपलं अंगचं ग्राफिक्स बंद करून टाकतात, त्यामुळे केबल कार्डाच्याच पोर्टात हवी. त्याच्या पुढची चूक जास्त महागात पडते. "कार्ड काढून बघितलं, तरी डिस्प्ले नाही, म्हणजे बोर्डच गेला." प्रोसेसर कोणता आहे ते बघितलंत का? इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी 'एफ' असतो, त्यात ग्राफिक्स नसतंच. रायझन 5000 मालिकेपर्यंत 'जी' नसलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरांचंही तेच. अशा मशीनचं कार्ड काढलं की स्क्रीन काळी राहणारच, बोर्ड ठणठणीत असला तरी. तिथे तपासायला दुसरं चालू कार्ड लागतं, मग ते मित्राकडचं जुनंपानं का असेना.

सुरूच होत नाही की मध्येच बंद पडतं?

फोनवर मी पहिल्यांदा हेच विचारतो, कारण हे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक दोन्हींना एकच औषध देतात: मोठा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, घ्या. वस्तुस्थिती अशी की मशीन चालू होताना कार्ड फारच थोडी वीज खातं. त्याची खरी भूक गेम किंवा रेंडरिंग सुरू झाल्यावर लागते. म्हणून नवं कार्ड लावल्या लावल्या स्क्रीन काळीच असेल, तर एसएमपीएसचे वॅट कमी पडले असण्याची शक्यता कमी. कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलं नसेल (शेवटची खिट्टी 'टक्' वाजायला हवी), वरची सहा किंवा आठ पिनांची केबल लावायची राहिली असेल, नाहीतर बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमचं, काहीतरी असेल. उलट, विंडोज नीट येतं, ब्राउझर तासन् तास चालतो, आणि गेममध्ये दहाव्या मिनिटाला निळी स्क्रीन वगैरे काही न दाखवता मशीन फटकन बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं, तेव्हा मात्र पहिला संशय एसएमपीएसवर घ्या.

तिसरा प्रकारही आहे. बटण दाबलं की पंखे अर्धी फेरी मारून थांबतात. हे बहुतेक वेळा शॉर्टचं लक्षण: एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. कार्ड काढून पुन्हा बटण दाबा. पंखे आता थांबत नसतील तर शोध कार्ड आणि त्याच्या केबलपुरता उरतो. तसंच थांबत असेल तर बोर्डाखालचा एखादा जास्तीचा स्क्रू किंवा प्रोसेसरची केबल बघा.

आणि बोर्डाकडे एकदा बघा तरी! गेल्या काही वर्षांच्या बऱ्याच बोर्डांवर कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोज असलेली डिस्क). जो पेटून राहील, तिथे गाडी अडली. दिवा डीरॅमवर अडकलेला असताना लोक कार्ड घेऊन दुकानात गेलेले मी पाहिलेत.

केबलच्या चुका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून वाचा. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट देतो. सहा पिनांची केबल आणखी 75, आठ पिनांची 150. जीटीएक्स 1650 सारखं 75 वॅटचं कार्ड बहुतेक वेळा नुसत्या स्लॉटवर चालतं. आरटीएक्स 3060 ला 170 लागतात, त्याला केबलशिवाय गत्यंतर नाही.

आता आठ पिनांच्या केबल एसएमपीएसमधून दोन तऱ्हेच्या निघतात. एक प्रोसेसरची, तिचे चार-चारचे दोन तुकडे होतात. दुसरी कार्डाची, सहा अधिक दोन. दिसायला सख्ख्या बहिणी, पण 12 व्होल्ट आणि ग्राउंडची जागा बरोब्बर उलटी. पिनांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवले आहेत, तरी जोर लावणारे लावतात. नीट बसत नसेल तर ती चुकीची केबल आहे, एवढं समजा आणि हात काढून घ्या.

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, एसएमपीएस असेल तर दुसरा धोका. जुना काढला, नवा लावला, पण केबल जुन्याच ठेवल्या, कारण त्या छान बांधून ठेवलेल्या होत्या. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी ठरलेली नसते, कंपनीगणिक आणि कधी कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक बदलते. 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट गेले की हार्ड डिस्क एका क्षणात गेली. माझ्या एका ओळखीच्या घरी लग्नाचे फोटो असेच गेले. नव्या एसएमपीएसबरोबर त्याच्याच केबल वापरायच्या, बांधणी पुन्हा करावी लागली तरी.

कार्डाची केबल नाही म्हणून साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, कनेक्टरवरून आठ पिन काढणारा जोड मिळतो. तो घेऊच नका. साटाचा कनेक्टर 12 व्होल्टवर साडेचार अँपिअरचा, म्हणजे 54 वॅटचा. त्याच्यावर 150 वॅट टाकले की प्लास्टिक वितळतं. कार्डाला आठ पिनांच्या दोन जागा असतील तर एकाच केबलचे दोन फाटे लावण्यापेक्षा एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबल आणा. मोठ्या नव्या कार्डांवरचा सोळा पिनांचा कनेक्टर शेवटपर्यंत दाबून बसवा आणि तोंडाशीच वाकवू नका, अर्धवट बसलेले जळलेत.

लेबलावरचा मोठा आकडा

कॅबिनेटबरोबर येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर ठळक '450' छापलेलं असतं. तो आकडा सोडा, खालच्या तक्त्यात 12 व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. तिथे 16 असेल तर 12 गुणिले 16, म्हणजे 192 वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचं जेवण ह्याच ताटातून व्हायचं असतं. आरटीएक्स 3060 साठी कंपनीच 550 वॅटचा एसएमपीएस सुचवते, ती काही हौस म्हणून नाही. कार्ड क्षणभरासाठी आपल्या सरासरीच्या कितीतरी वर उडी मारतं. 2022 च्या एटीएक्स 3.0 या एसएमपीएसच्या मानकात अशा उड्या झेलण्याची अट आली, त्याआधीचे चांगले एसएमपीएससुद्धा मोठ्या कार्डांपुढे कधी कधी माना टाकतात. '80 प्लस' हा शिक्का फक्त विजेची नासाडी किती कमी, एवढंच सांगतो.

भिंतीतली वीज

थंडीतली एक तक्रार दरवर्षी येते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मशीन चार-पाच वेळा बटण दाबल्यावर सुरू होतं, दुपारी मात्र एका दमात. माळव्याची थंडी काही हिमालयातली नाही, पण एसएमपीएसमधल्या म्हाताऱ्या कपॅसिटरना तेवढी पुरते. असा एसएमपीएस बदलाच, कारण तो जाताना बोर्ड नाहीतर कार्ड बरोबर घेऊन जाऊ शकतो.

घरोघरी असतो तो 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटचा असतो. गेम चालू असताना लाइट गेली आणि यूपीएस असूनही मशीन बसलं, तर कार्डाला शिव्या देऊ नका. चौकोनी लहर देणाऱ्या जुन्या इन्व्हर्टरवर काही चांगले एसएमपीएस चालायलाच नकार देतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघा, बाकीचं नंतर. काही जुन्या एसएमपीएसच्या पाठीवर 115/230 चं लाल बटण असतं. लहान मुलांना ते फार आवडतं. 115 वर गेलं आणि प्लग चालू केला की धडामधूम.

तपासतानाच्या चुका

एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅमला खोडरबर मारलं, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकलं, बायोस रीसेट केलं आणि मशीन चालू झालं, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि पंधरा दिवसांनी तुम्ही पुन्हा तिथेच. हात घालण्याआधी प्लग काढायचा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यायची.

एसएमपीएसच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरवण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. तिने एसएमपीएस 'उठतो' एवढंच कळतं, ओझं पेलतो की नाही ते नाही. मल्टिमीटर असेल तर मशीन कामात असताना पिवळ्या तारेवर 11.4 ते 12.6 व्होल्टच्या आत काटा हवा. एसएमपीएस उघडायचा मात्र नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

सेकंडहँड कार्ड घेताना विकणाऱ्यासमोर चालवून घ्या. क्रिप्टो नाण्यांच्या मायनिंगमध्ये वापरलेल्या आरएक्स 580 सारख्या कार्डांचं स्वतःचं बायोस बऱ्याचदा बदललेलं असतं आणि काही डिस्प्लेच देत नाहीत. 2012 च्या आधीची बरीच कार्डं निव्वळ यूईएफआयवर (बायोसच्या नव्या अवतारावर) चालणाऱ्या नव्या बोर्डावर गप्प राहतात, बिघडलेली नसताना. आणि अगदी जुन्या बोर्डावर नवं कार्ड लावायचं तर आधी बायोस अपडेट करून घ्या.

भाच्याचं पुढे काय झालं? केबल बदलून डिस्प्ले आला, तिसऱ्या दिवशी गेममध्ये मशीन बंद पडलं. लेबल वाचायला सांगितलं: 12 व्होल्टला 17 अँपिअर. एसएमपीएस नवा आणला. जुना माझ्या आईच्या मशीनमध्ये बसवलाय. त्यात कार्ड नाही, ती त्यावर भजनं ऐकते, आणि तो मजेत चाललाय.