मुलांच्या दातांना तारा: घरी होणाऱ्या या चुका टाळा

मुलाच्या दातांना तारा लागल्या की पुढचे सगळे डॉक्टर पाहतील, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात साधारण दीड ते दोन वर्षे चालणाऱ्या या उपचारात मूल चार ते सहा आठवड्यांतून एकदा, तेही थोडाच वेळ, दवाखान्याच्या खुर्चीत बसते. उरलेला सगळा काळ त्या तारा आपल्या स्वयंपाकघरात, शाळेच्या डब्यासमोर आणि मैदानावर असतात. उपचार रेंगाळतो तोही बहुधा तिथेच.

पहिली चूक मात्र तारा लागण्याच्या कितीतरी आधी होते. ‘दुधाचे सगळे दात पडू द्या, मग बघू’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. सातव्या वर्षाच्या सुमारास पहिल्या कायमच्या दाढा आणि पटाशीचे काही दात आलेले असतात, त्यामुळे जबडे एकमेकांवर नीट बसतात का, हे तेव्हाच तपासता येते. वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, मूल अंगठा चोखत असेल किंवा तोंडाने श्वास घेत असेल, तर थांबण्यात तोटाच आहे. किडल्यामुळे दुधाची दाढ लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. अशा वेळी जागा राखून ठेवणारे साधन बसवून घ्यावे का, हे दाढ काढतानाच विचारावे.

याउलट, आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दातांत फट दिसली म्हणून लगेच तारांचा आग्रह धरणेही चूकच. अकराव्या-बाराव्या वर्षी वरचे सुळे उतरू लागले की ती फट पुष्कळदा आपोआप भरून येते. वरचा दात काढला की नजर कमी होते, ही भीती तर निराधार आहे. जागा करण्यासाठी उपदाढा काढण्याचा सल्ला मिळाला, तर कारण विचारावे आणि क्ष-किरण चित्रावर ते समजावून घ्यावे. डोळ्यांची चिंता करू नये.

तारा कोणाकडे लावायच्या, हेही आधीच पाहावे. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर ऑर्थोडॉन्टिक्स (वेडेवाकडे दात आणि जबडे नीट करण्याचे शास्त्र) याच विषयात तीन वर्षांचे एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, केलेली व्यक्ती या कामातील तज्ज्ञ असते. नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या पाट्या वाचताना पदवीपुढचा विषय वाचण्यात संकोच कसला? खर्चाची अडचण असेल तर पंचवटीतील दंत महाविद्यालयातही चौकशी करावी. अशा संस्थांत पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हे उपचार करतात.

आता खाण्याविषयी, कारण नाशिकमध्ये खरी परीक्षा इथेच असते. ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा छोटा तुकडा, दाताला केवळ चिकटवलेले असते आणि चिवड्यातला एखादा कडक शेंगदाणाही ते उखडू शकतो. ब्रॅकेट सुटले की त्या दाताचे सरकणे थांबते, कधी तो मागेही फिरतो आणि महिन्याभराचे काम वाया जाते. मिसळ पूर्ण बंद करण्याची गरज नाही. फरसाण रश्श्यात मऊ होऊ द्यावे, कोरडे वरून घेऊ नये. हळदीने ब्रॅकेटला तार बांधणाऱ्या पारदर्शक रबरी कड्या पिवळ्या पडतात, पण त्या पुढच्या भेटीत बदलल्या जातात, त्यामुळे त्यावरून मुलाला रागावू नये. पेरूच्या पातळ फोडी कराव्यात, मक्याच्या कणसाचे दाणे सोडवून द्यावेत, ऊस आणि चिक्की टाळावी, संक्रांतीला तिळाची कडक वडी न देता मऊ लाडू द्यावा. द्राक्षे खुशाल खावीत. बेदाणे मात्र ब्रॅकेटभोवती चिकटून बसतात.

चिकटलेले अन्न काढले नाही, तर ब्रॅकेटच्या कडेने दातावर खडूसारखे पांढरे डाग उठतात. तारा निघाल्यावर दात सरळ दिसतात आणि डागही दिसतात, आणि ते पूर्णपणे जातीलच असे नाही. म्हणून रात्रीचे ब्रशिंग निदान पहिले काही महिने मुलावर सोपवू नये. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने, तारेच्या वर आणि खाली ब्रश तिरका धरून, प्रत्येक दात स्वच्छ करावा.

वरच्या आणि खालच्या दातांमध्ये ताणून रोज घालायच्या रबरांबाबत एक खास चूक आढळते. दिवसभर घातली नाहीत म्हणून मुले रात्री दुप्पट रबरे लावतात. त्याने भरपाई होत नाही, दातांवर नको तेवढा ताण मात्र येतो. दिंडोरी-निफाडकडच्या घरांत द्राक्षतोडणीच्या हंगामात भेटी चुकतात, हेही समजण्यासारखे आहे. तरी देखरेखीविना तारा तोंडात महिनोन्‌महिने ठेवणे धोक्याचे असते, म्हणून हंगामापूर्वीच डॉक्टरांना सांगून तारखा ठरवून घ्याव्यात.

अचानक काही बिघडले, तर घाबरून पक्कड हाती घेऊ नये. ब्रॅकेट सुटून तारेवर लोंबत असेल तर ओढू नये, दवाखान्यात फोन करावा. पूर्ण निघाले असेल तर डबीत जपून सोबत न्यावे. घरातील चिकटद्रव्याने ते चिकटवणे सर्वांत वाईट. तारेचे टोक गालाला टोचत असल्यास दवाखान्यातून मिळालेले मेण कोरड्या केलेल्या तारेवर दाबून बसवावे आणि व्रणासाठी कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरावी. तार घट्ट केल्यावर दोन-चार दिवस दात दुखतात. मऊ भात किंवा मुगाची खिचडी त्या दिवसांत पुरते. चेहऱ्यावर सूज किंवा ताप असेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवावे. निखळलेला तुकडा गिळल्यानंतर खोकला थांबत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

तारा निघाल्यानंतर दात नव्या जागी टिकवण्यासाठी घालायच्या रिटेनरकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि ही चूक आमच्याही घरी झाली. मिसळ खायला गेलो असता मुलीने रिटेनर काढून कागदी रुमालात गुंडाळला आणि टेबल पुसणाऱ्याने तो खरकट्यासोबत नेला. परीक्षा संपल्यावर पाहू, म्हणून आम्ही तीन आठवडे थांबलो, तेवढ्यात खालचे दोन दात पुन्हा वळू लागले. तेव्हापासून डबीशिवाय रिटेनर घराबाहेर जात नाही आणि तो गरम पाण्याने धुतलाही जात नाही, कारण उष्णतेने त्याचा आकार बिघडतो. तो बसेनासा झाला, तर बळेच दाबण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे, आणि तेही त्याच आठवड्यात.