स्क्रू कुठल्या छिद्रात? मोडलेल्या मांडीचं मॉडेल करताना

भार आल्यावर हाड, प्लेट आणि स्क्रू किती वाकतात ते संगणकावर बघायचं, त्यासाठी हे मॉडेल. त्याला हात घालण्याआधी सर्जनकडून एकच प्रश्न लिहून घ्या. माझ्याकडे बहुतेक वेळा येतो तो असा: मांडीचं हाड मधोमध मोडलंय, त्यावर बसवायच्या धातूच्या प्लेटच्या कुठल्या छिद्रांत स्क्रू घालू आणि कुठली रिकामी ठेवू? प्रश्न असा नेमका नसेल तर काम सुरूच करू नका.

सीटी स्कॅन 1 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा मागा. जाड कापांत हाडाला पायऱ्या पडतात. स्कॅनमधून हाड वेगळं काढायला थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, तेवढं पुरे. थ्रेशोल्ड, म्हणजे किती घनतेच्या वरचं ते हाड धरायचं ती मर्यादा, 200 ते 250 हाउन्सफील्डपासून (हे सीटीतलं घनतेचं माप) लावून बघा. खरी मेहनत त्यानंतर. खुब्यात हाडाचा गोळा आणि वाटी यांच्यातली फट इतकी बारीक असते की सॉफ्टवेअर दोन्ही हाडं चिकटवून टाकतं. तिथे एकेक काप उघडून हातानेच खोडावं लागतं. गोळ्याच्या आतलं हाड जाळीदार, म्हणून तिथे भोकं राहतात, तीही भरा. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो जायलाच हवा.

मेश म्हणजे मॉडेल ज्या लहान तुकड्यांत विभागायचं ती जाळी. तिच्यासाठी चार नोडचे (जोडबिंदूंचे) चतुष्फलक टाळा, वाकवताना ते नको इतके ताठ वागतात. दहा नोडचे घ्या. ताठपणा कठीण हाडाला 17 गिगापास्कलच्या आसपास द्या, टायटॅनियमला 110.

चालताना खुब्यावर वजनाच्या साधारण अडीचपट बल येतं, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 1,700 न्यूटन. नुसतं तेवढं लावून भागत नाही. मांडी बाजूला उचलणाऱ्या स्नायूंची ओढही लावा, नाहीतर हाड भलतंच वाकतं.

आता तेच मॉडेल दोनदा चालवा: एकदा फ्रॅक्चरलगतची छिद्रं भरून, एकदा दोन्ही बाजूंची एकेक रिकामी ठेवून. दुसऱ्यात मधला मोकळा भाग लांबतो आणि फ्रॅक्चर जास्त हलतं. थोडी हालचाल हाड जुळायला हवीच असते. फार झाली तर ते जुळत नाही. मेश आणखी बारीक करून पुन्हा चालवा, आकडे फारसे हलले नाहीत तरच पुढे जा. स्क्रूच्या टोकाशी जास्त ताण दाखवणाऱ्या लालभडक ठिपक्यावर मात्र विसंबू नका, तो बऱ्याचदा मेशमुळेच पडलेला असतो.

सर्जनला चित्रांऐवजी फ्रॅक्चरची हालचाल मिलिमीटरमध्ये द्या, आणि दोन जागी मोजून: प्लेटखाली आणि समोरच्या बाजूला. प्लेटखाली ती कमीच भरते, त्यामुळे एकच आकडा दिला तर निम्मी गोष्ट दडून राहते.