व्हॅक्यूम ॲडव्हान्सला हात लावण्याआधी: ल्यूकास २५डी४ डिस्ट्रिब्युटर

ल्यूकासच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना वेळेवर ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्यूमच्या डबीच्या दांड्यावर खरखरीत कडेचा छोटा गोल नट असतो. बाजूला ‘ए’ (ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी आधी) आणि ‘आर’ (रिटार्ड, म्हणजे उशिरा) अशी अक्षरे. गॅरेजमध्ये नव्याने हात काळे करणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यालाच व्हॅक्यूम ॲडव्हान्सचे, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमने ठिणगी आधी पाडण्याचे, ॲडजस्टमेंट समजतो. ते तसे नाही. तो नट फिरवला की डबी आणि पॉइंटची (उघडताच ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट) प्लेट दोन्ही सरकतात, म्हणजे ठिणगीचे मूळ टायमिंगच पुढे-मागे होते. व्हॅक्यूम कधी सुरू होणार आणि किती अंश देणार, हे डबीतली स्प्रिंग आणि स्टॉप ठरवतात. ते बाहेरून बदलता येत नाही.

ॲम्बॅसॅडरचे १४८९ सीसी पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजचे. त्याच सिरीजचे इंजिन असलेल्या जुन्या एमजीबी या स्पोर्ट्स कारवर हा २५डी४ होता. पण इतक्या वर्षांत गाडीवर मूळचाच डिस्ट्रिब्युटर राहिला असेल असे धरून चालू नका, अंगावरचा नंबर वाचा. नंतरच्या ४५डी४ वर हा नट नाहीच.

डबीच्या पाइप जोडायच्या टोकाजवळ तीन आकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ ५-१३-१०. पहिला आकडा म्हणजे पाऱ्याच्या किती इंच व्हॅक्यूमला हालचाल सुरू होते, दुसरा म्हणजे किती इंचांना ती पूर्ण होते, तिसरा म्हणजे जास्तीत जास्त किती अंश. हे अंश डिस्ट्रिब्युटरचे असतात. क्रँकवर मोजताना दुप्पट धरायचे, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत डिस्ट्रिब्युटर एकच फिरतो. म्हणजे १० चे क्रँकवर २० अंश. हा हिशेब चुकला की टायमिंग लाइटवर दिसणारा आकडा पाहून घाबरायला होते आणि चांगली डबी बदलली जाते.

ही डबी हवी कशाला? ॲक्सिलरेटर थोडासाच दाबून सपाट रस्त्यावर चालताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी आणि विरळ असते. ते सावकाश जळते, म्हणून ठिणगी आधी पडावी लागते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो, डबीतला व्हॅक्यूमने ओढला जाणारा पडदा मागे येतो आणि जादा ॲडव्हान्स निघून जातो. डबी बिघडली तरी गाडी जोर लावून पळते, फक्त ॲव्हरेज घसरते आणि इंजिन जास्त तापते. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

काम पॉइंटपासून सुरू करा. गॅप बदलला की टायमिंग बदलते: जास्त गॅप म्हणजे पॉइंट लवकर उघडणार, ठिणगी लवकर पडणार. फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा, ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश बंद राहतात ते दाखवणारे) असेल तर ५७ ते ६३ अंश. मग तो गोल नट त्याच्या रेंजच्या मधोमध आणा, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना जागा राहील. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर, पुलीची खूण पुस्तिकेतल्या अंशांवर. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प पॉइंटच्या टर्मिनलवर आणि अर्थला जोडून इग्निशन चालू करा. क्लॅम्पचा बोल्ट सैल करून बॉडी हळू फिरवा आणि बल्ब ज्या क्षणी लागेल तिथे आवळा. बी-सिरीजवर रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की ॲडव्हान्स वाढते. बारीक सुधारणा नटाने करा: सुमारे ११ ‘टिक’ म्हणजे क्रँकचा एक अंश.

टायमिंग लाइट लावताना व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचे कार्ब्युरेटरकडचे तोंड बंद करा. आयडल वाढलेले असेल तर आधी कमी करा, नाहीतर वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी आतली वजने उघडून वाचन चुकते. पाइप परत जोडल्यावर, कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलजवळच्या भोकातून व्हॅक्यूम घेणाऱ्या रचनेत, आयडलला टायमिंग जागचे हलता कामा नये. हलले तर थ्रॉटलचा स्क्रू जास्त आत गेलेला आहे आणि ते भोक अवेळी उघडे पडते आहे.

आता डबी. तोंडाने पाइप ओढून पाहण्याची सवय जुनी आहे, पण पेट्रोलची वाफ फुप्फुसात जाते. गेज असलेला व्हॅक्यूमचा हातपंप वापरा. कॅप काढून, इंजिन बंद ठेवून पंप मारा: प्लेट रोटरच्या उलट दिशेला सरकली पाहिजे, आणि गेजचा काटा मिनिटभर तरी जागेवर राहिला पाहिजे. काटा पडला तर पडदा फाटला आहे. काटा टिकतो पण प्लेट हलत नाही, तर प्लेट जाम आहे. साफ करून हलके तेल द्या, पॉइंटला मात्र तेलाचा थेंबही लागू देऊ नका. पंप हळूहळू वाढवत किती इंचांना हालचाल सुरू होते ते पाहा आणि ठोकलेल्या आकड्यांशी ताडून पाहा.

एक दोष सर्वांत जास्त चकवतो. हलणाऱ्या प्लेटपासून बॉडीला जाणारी बारीक अर्थ वायर आणि पॉइंटची वायर रोज वाकून वाकून आतून तुटतात, वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. गाडी आयडलला छान आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबताच मिसिंग. लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात. इंजिन चालू असताना पंपाने प्लेट पुढे-मागे करा. पंप मारताच मिसिंग आले तर वायर बदला.

नॉकिंग (इंजिनातली ठकठक) कधी होते ते ऐकले की दोषी कोण ते कळते. टॉप गिअरमध्ये ५० च्या आसपास, अर्ध्याहून कमी ॲक्सिलरेटरवर आवाज येतो आणि पूर्ण दाबताच जातो, तर व्हॅक्यूम जास्त आहे किंवा लवकर येतो आहे. त्या इंजिनाला कमी अंशांची डबी हवी. घाटात कमी वेगात पूर्ण दाबल्यावर येतो, तर मूळ टायमिंग पुढे गेले आहे किंवा वजनांच्या स्प्रिंगा सैल पडल्या आहेत. अशा वेळी डबीचा पाइप काढून टाकणे हा इलाज नाही.

काही अमेरिकन इंजिनांसाठी मिळणाऱ्या डब्या खरोखर ॲडजस्टेबल असतात. पाइपच्या नळीतून ३/३२ इंचाची ॲलन की घालून स्प्रिंगचा ताण बदलतो, म्हणजे सुरुवातीचा व्हॅक्यूम बदलतो. कमाल अंश सहसा त्याने बदलत नाहीत, त्यासाठी स्टॉप वेगळा असतो. कोणत्या बाजूला फिरवले की ताण वाढतो हे मेकनुसार वेगळे, म्हणून फेऱ्या मोजून लिहून ठेवा आणि दर दोन फेऱ्यांनंतर हातपंपाने पुन्हा वाचन घ्या.