ड्युअल बूटमधला साडेपाच तासांचा घोळ: या चुका टाळा

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकले (म्हणजे ड्युअल बूट), विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागे. ते हाताने नीट करून उबुंटूत (लिनक्सचाच एक प्रकार) गेलं की तिथे साडेपाच तास पुढे. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर मशीन बिघडलेलं नाही, दोन सिस्टिमचं एकमत नाही एवढंच. मदरबोर्डवरच्या घड्याळात नुसते आकडे असतात, टाइमझोन नसतो. विंडोज ते आकडे स्थानिक वेळ म्हणून वाचतं. लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणून वाचतं आणि भारतासाठी त्यात ५:३० मिळवतं.

नेट चालू असलं की लिनक्स स्वतःची वेळ लगेच सावरून घेतं आणि साधारण दर ११ मिनिटांनी मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी लिहून ठेवतं. म्हणून शिव्या विंडोजलाच बसतात. वाय-फाय बंद ठेवून लिनक्स सुरू केलं की त्याचाही घोळ दिसतो.

दर वेळी हाताने वेळ बदलणं म्हणजे भांडण पुढच्या बूटवर ढकलणं. त्याहून वाईट म्हणजे वेळ ‘बरोबर दिसावी’ म्हणून भलताच टाइमझोन निवडणं. कॅलेंडरच्या मीटिंगा सरकतात आणि ऑथेंटिकेटर ॲपचे ३० सेकंदांचे लॉगिन कोड जुळत नाहीत, कारण आतली यूटीसी वेळ चुकलेलीच राहते. विंडोजमध्ये ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ आणि लिनक्समध्ये ‘एशिया/कोलकाता’ हेच हवं.

आमच्या मते लिनक्सला हात न लावता विंडोजला यूटीसी शिकवावं. रेजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगचा साठा. रेजिस्ट्री एडिटर उघडा, आधी बॅकअप घ्या. एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइमझोन इन्फर्मेशन असं आत जा. शेजारीच टाइमझोन नावाने सुरू होणारी दुसरी नोंदही दिसेल तर तिच्यात शिरू नका. इथे ३२ बिटची नवी डीवर्ड व्हॅल्यू तयार करा. नाव ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’, रोमन अक्षरांत (RealTimeIsUniversal), मध्ये एकही जागा न सोडता; किंमत १. स्ट्रिंग प्रकारची व्हॅल्यू केली किंवा नावात एक अक्षर चुकलं तर विंडोज तक्रार करत नाही, फक्त दुर्लक्ष करतं. रीस्टार्ट करा, मग तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबा. हे राहिलं तर मदरबोर्डमध्ये पडून असलेली जुनी स्थानिक वेळ यूटीसी समजली जाऊन घड्याळ उलट साडेपाच तास पुढे जाईल.

ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोजमध्ये ॲडमिनचे हक्क नसतील तर लिनक्सला झुकवा: टर्मिनलमध्ये सुडोसह ‘टाइमडेट-सीटीएल’ची ‘सेट-लोकल-आरटीसी’ ही आज्ञा, पुढे १ (sudo timedatectl set-local-rtc 1). लिनक्स स्वतःच इशारा देतं की ही पद्धत पूर्ण भरवशाची नाही. अमेरिका-युरोपात तर ती नकोच: उन्हाळी वेळ बदलते त्या रात्री दोन्ही सिस्टिम एकेक तास सरकवू शकतात.

दोन्ही उपाय एकत्र केले की घोळ परत येतो, फक्त उलटा: विंडोज पुढे, लिनक्स मागे. रेजिस्ट्रीचा मार्ग घेतला असेल तर लिनक्समध्ये त्याच आज्ञेपुढे ० द्या. मग नुसतं ‘टाइमडेट-सीटीएल’ चालवा. आरटीसीची (मदरबोर्डच्या घड्याळाची) वेळ युनिव्हर्सल वेळेशी जुळली आणि ‘आरटीसी इन लोकल टीझेड’पुढे ‘नो’ आलं की झालं.

यानंतर कुणीतरी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) डोकावतं, दुपारी ३ वाजता तिथे ९:३० बघतं आणि ‘दुरुस्त’ करून बसतं. ते ९:३० यूटीसीप्रमाणे बरोबर आहेत. रात्री १२ ते पहाटे ५:३० पर्यंत तिथे आदल्या दिवसाची तारीखही दिसेल.

फरक साडेपाच तासांचा नसेल, प्लग काढून ठेवल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जात असेल आणि ब्राउझर प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर अडत असेल, तर रेजिस्ट्री उकरू नका. दोष मदरबोर्डवरच्या बॅटरीचा आहे; ती डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा ३ व्होल्टची सीआर२०३२. वीज पूर्ण तोडा, बाजूची क्लिप दाबून जुनी काढा, नवी अधिक चिन्ह वर ठेवून बसवा. मग बायोसमध्ये एकदाच वेळ भरा. वरचा रेजिस्ट्रीचा बदल केला असेल तर यूटीसीची.